गारा, छप्पर आणि परवाना

‘घर पहावें बांधून’ ही म्हण ज्यानें रूढ केली त्यानें घर उभें करण्यांतला त्रास पाहिला होता. उभें राहिलेलें घर राखण्याचा त्रास त्या म्हणींत आलेला नाहीं. हा दुसरा त्रास बहुतेक वेळां वरून येतो. ऊन, वारा आणि पाऊस हे छपराचे रोजचे वैरी. त्यांच्याशीं छपराची झुंज वर्षानुवर्षें चालते, आणि तींत घरधन्याला विचार करावयास सवड सांपडते. गारांचें तसें नाहीं. गारांचें वादळ पुष्कळदां दहा-पंधरा मिनिटांत आटोपतें, आणि तेवढ्या वेळांत, वीस वर्षें टिकावें म्हणून घातलेलें छप्पर निकामी होऊन जातें. म्हणून गारांपासून घराचें रक्षण करावयाचें तर तें वादळापूर्वींच केलेलें असलें पाहिजे.

महाराष्ट्राला गारा अपरिचित नाहींत. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें विदर्भ व मराठवाडा या भागांत झालेल्या गारपिटीनें शेतकऱ्यांच्या तोंडचा घास काढून घेतला, तो प्रसंग पुष्कळांच्या स्मरणांत असेल. परंतु येथें गारपीट हा मुख्यतः शेताचा व फळबागांचा प्रश्न असतो. शहरांतल्या सिमेंटच्या गच्चीला तिचें विशेष भय नाहीं. अमेरिकेच्या मध्यभागांत याच्या उलट स्थिति आहे. तेथें घराचा सांगाडा बहुधा लाकडाचा, छप्पर उतरतें आणि त्यावरचें आच्छादन डांबरी. त्यामुळें गार ही तेथें प्रत्येक गृहस्थाच्या डोक्यावरची चिंता आहे. कोलोराडोंतील डेन्व्हर व टेक्सासांतील डलास या शहरांच्या परिसरांत आतां मराठी कुटुंबेंही स्वतःचीं घरें घेऊन राहत आहेत. त्यामुळें ‘छपरावर काय घालावें आणि त्याला परवाना कशाला हवा’ हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या घरांतही मुलाच्या वा मुलीच्या पत्रांतून येऊन पोंचला आहे.

प्रथम गारेचा विचार केला पाहिजे. कोलोराडो, नेब्रास्का आणि वायोमिंग हीं तीन राज्यें जेथें एकमेकांस भिडतात त्या पठारी मुलखाला तेथील लोक ‘गारांची गल्ली’ म्हणतात. रॉकी पर्वताच्या पूर्वेस पसरलेल्या या पठाराची उंची मोठी आहे; डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें एक मैल उंच आहे. वसंत ऋतूच्या अखेरीपासून उन्हाळाभर मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा या बाजूस येते, तापलेल्या जमिनीवरून वेगानें वर चढते आणि गडगडाटी ढग उभे राहतात. अशा ढगांतले पाण्याचे थेंब शून्य अंशाखालीं उतरले तरी कांहीं काळ न गोठतां द्रवरूपच राहतात. वर चढणाऱ्या हवेच्या झोतानें तोलून धरलेला बर्फाचा एखादा कण या थेंबांमधून फिरूं लागला, कीं थेंब त्यावर आदळून गोठतात आणि कणाची गार होते. झोत जितका जोरकस तितका अधिक वेळ गार वर टिकते व तितकी ती वाढते. झोताला तिचा भार पेलेनासा झाला म्हणजे ती खालीं सुटते. सखल प्रदेशांत खालच्या उबदार हवेंतून येतांना ती बरीचशी विरघळते. पठारावर हवेंतील गोठणबिंदूची पातळी जमिनीला जवळ असते. त्यामुळें वितळण्यास अवसर न मिळतां गार जशीच्या तशी घरावर येते.

या गारा किती मोठ्या असूं शकतात याची कल्पना एका नोंदीवरून येईल. २३ जुलै २०१० रोजीं दक्षिण डकोटा राज्यांतील व्हिव्हियन या गांवीं जी गार सांपडली तिचा व्यास आठ इंच आणि वजन जवळजवळ दोन पौंड भरलें. अमेरिकेंत नोंदलेल्या गारांत ती सर्वांत मोठी ठरली. एवढी गार अर्थात् क्वचितच पडते. लिंबाएवढ्या गारा मात्र त्या मुलखाला नेहमींच्याच. ८ मे २०१७ रोजीं डेन्व्हर व त्याच्या पश्चिमेकडील उपनगरें यांवर जी गारपीट झाली तींत विमा उतरविलेल्या मालमत्तेचें नुकसान सुमारें २३० कोटी डॉलर झालें. लेकवुड या उपनगरांतील एक मोठा बंदिस्त बाजार छपरांतून पाणी शिरल्यामुळें कित्येक महिने बंद ठेवावा लागला.

गारेचा आकार थोडासा वाढला तरी तिचा आघात अतोनात वाढतो. गारेचा व्यास दुप्पट झाला तर तिचें वजन आठपट होतें. शिवाय मोठी गार अधिक वेगानें खालीं येते. व्यास दुप्पट झाला असतां वेग सुमारें दोन-पंचमांशानें अधिक, म्हणजे जवळजवळ दीडपट होतो. वजन आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला म्हणजे आघाताची शक्ति सुमारें सोळापट भरते. एक इंच व्यासाची गार चांगल्या नव्या छपरावरून टणकन् उडून जाईल. दोन इंचांची गार तेंच छप्पर फाडील. म्हणून ‘आमच्याकडे गारा पडतात’ एवढ्या माहितीवर छपराचा माल निवडतां येत नाहीं. आपल्या भागांत केवढ्या गारा पडतात हें पहावें लागतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान खात्यानें २०१० पासून एक इंच किंवा त्याहून मोठी गार पडली तर तें वादळ तीव्र समजावें असें ठरविलें आहे.

आतां छपराच्या मालाकडे वळूं. अमेरिकेंतील बहुसंख्य घरांवर डांबरी पट्ट्या असतात. त्यांना तिकडे शिंगल म्हणतात. कांचेच्या तंतूंची चटई, तिच्या दोहों बाजूंस डांबर आणि वरच्या अंगास बारीक दगडी कण, अशी या पट्टीची रचना असते. दगडी कण हे शोभेसाठीं दिलेले नसतात; उन्हापासून डांबराचें रक्षण करणें हें त्यांचें मुख्य काम. गार आपटली म्हणजे त्या जागेचे कण झडतात व डांबर उघडें पडतें. आघात जबर असेल तर आंतील चटईही तडकते. छपरावर चढून पाहिलें तरी केवळ एक काळसर ठिपका दिसतो, आणि घरांत त्या दिवशीं पाण्याचा थेंबही येत नाहीं. पण ऊन त्या ठिपक्यावर रोज काम करीत असतें. डांबर वाळतें, ठिसूळ होतें, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर घरधन्याला छताला ओल आलेली दिसते. तोंवर विम्याच्या मागणीची मुदत पुष्कळदां संपून गेलेली असते.

हा दोष कमी करण्यासाठीं डांबरांत रबरासारखा लवचिक पदार्थ मिसळलेल्या पट्ट्या निघाल्या आहेत. गार आपटली असतां त्या तडकत नाहींत, किंचित् दबून पुन्हां वर येतात. दुसऱ्या कांहीं पट्ट्यांच्या पाठीस विणलेली जाळी चिकटविलेली असते. पोलादी पत्र्याचें छप्पर सहसा फाटत नाहीं, पण त्याला पोंचे येतात. मातीचीं व सिमेंटचीं कौलें दिसावयास देखणीं आणि उन्हापावसाला दीर्घकाळ टिकणारीं. मात्र मोठ्या गारेखालीं तीं फुटूं शकतात, आणि त्यांचा भार पेलण्यास वासेही तसेच भक्कम हवेत. लाकडी फळ्यांचीं छपरें गारेनें उभीं चिरतात व आगीलाही लवकर बळी पडतात. कोणताही माल सर्वगुणसंपन्न नाहीं. कोणता दोष आपण सोसूं शकतों हें पाहून निवड करावयाची असते.

ही निवड निव्वळ विक्रेत्याच्या शब्दावर राहूं नये म्हणून अमेरिकेंत एक ठराविक चाचणी आहे. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेच्या तिच्या मानकाला २२१८ हा क्रमांक आहे. या चाचणींत छपराचा नमुना फळ्यांवर बसवून त्यावर पोलादी गोळा सोडतात. पहिल्या वर्गासाठीं गोळा सव्वा इंच व्यासाचा व उंची बारा फूट. दुसऱ्यासाठीं दीड इंच व पंधरा फूट. तिसऱ्यासाठीं पावणेदोन इंच व सतरा फूट. चौथ्यासाठीं दोन इंच व वीस फूट. एकाच जागीं दोन वेळां गोळा सोडावयाचा, आणि मग नमुना उलटून पहावयाचा. पाठीमागें चीर, फाट किंवा भेग नसेल तर माल उत्तीर्ण. ‘चौथ्या वर्गाचें छप्पर’ असें जें जाहिरातींतून वाचावयास मिळतें त्याचा अर्थ एवढाच.

या चाचणीची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. पोलादी गोळा फुटत नाहीं, गार आपटतां आपटतां फुटते. नमुना नवा कोरा असतो, तर छप्पर दहा वर्षांच्या उन्हानें कडक झालेलें असतें. शिवाय वरचे दगडी कण किती झडले हें या चाचणींत मोजलें जात नाहीं. हें लक्षांत घेऊन विमा कंपन्यांच्या पाठिंब्यानें चालणाऱ्या एका संशोधन संस्थेनें दक्षिण कॅरोलायनांतील रिचबर्ग येथील आपल्या प्रयोगशाळेंत खऱ्या गारेसारखे बर्फाचे गोळे तयार करून ते पट्ट्यांवर सोडण्यास आरंभ केला. २०१९ पासून ती आपले निकाल प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांत पट्टीला पडलेला खळगा, फाट आणि झडलेले कण या तिन्हींचा हिशेब असतो. या निकालांवरून असें दिसून आलें कीं, एकाच वर्गाचा शिक्का असलेल्या निरनिराळ्या पट्ट्यांच्या टिकाऊपणांत पुष्कळ अंतर असूं शकतें. तात्पर्य, चौथा वर्ग हा निवडीचा आरंभ समजावा, शेवट समजूं नये.

विम्याचा संबंध येथेंच येतो. चौथ्या वर्गाचें छप्पर घातल्यास पुष्कळ कंपन्या हप्त्यांत सूट देतात. टेक्सासमध्यें त्यासाठीं छप्पर बसविणाराच्या सहीचा दाखला कंपनीकडे द्यावा लागतो. पण सुटीबरोबर कधीं कधीं एक अट येते: छप्पर गळत नसेल व केवळ पोंचे आले असतील तर भरपाई मिळणार नाहीं. पत्र्याचें छप्पर घालणारानें ही अट सही करण्यापूर्वीं वाचलेली बरी. दुसरी गोष्ट विमेदारानें स्वतः सोसावयाच्या वांट्याची. गारपिटीच्या मुलखांत हा वांटा पुष्कळदां ठराविक रकमेंत सांगितलेला नसून घराच्या विमा-रकमेच्या शेंकडा एक किंवा दोन असा असतो. चार लक्ष डॉलरांच्या विम्यावर शेंकडा दोन म्हणजे आठ हजार डॉलर झाले. तेवढे घरधन्याच्या खिशांतून जावयाचे.

आतां परवान्याचा प्रश्न. महाराष्ट्रांत कौलें शाकारणें वा जुनें छप्पर पूर्ववत् घालणें या कामास सामान्यतः वेगळी परवानगी काढावी लागत नाहीं. त्यामुळें येथून गेलेल्या गृहस्थाला, आपल्याच घरावर तेंच छप्पर पुन्हां घालण्यास नगरपालिकेचा कागद कशाला, असें वाटणें स्वाभाविक आहे. अमेरिकेंत बांधकामाचा एकच देशव्यापी कायदा नाहीं. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था घरांसाठीं एक आदर्श संहिता छापते; तिची पहिली आवृत्ति २००० सालीं निघाली, आणि दर तीन वर्षांनीं ती सुधारली जाते. प्रत्येक राज्य, जिल्हा किंवा नगर तिची एखादी आवृत्ति आपापल्या फेरफारांसह स्वीकारतें. म्हणून एका नगराचा नियम रस्त्यापलीकडच्या नगरास लागू पडेलच असें नाहीं. संपूर्ण छप्पर बदलावयाचें असेल तर बहुतेक नगरांत परवाना लागतो. थोड्या डागडुजीला पुष्कळ ठिकाणीं लागत नाहीं. पण ‘थोडी’ म्हणजे किती, हें तेथील बांधकाम कचेरींतच विचारावें लागतें. छपराचें माप तिकडे शंभर चौरस फुटांच्या हिशेबानें करतात व त्या मापाला ‘स्क्वेअर’ म्हणतात. नियमांतली मर्यादा सहसा याच मापांत दिलेली असते. वसाहतीच्या संघाची संमति रंग वा माल बदलतांना निराळी घ्यावी लागते. ती मिळाली म्हणजे नगराचा परवाना मिळाला असें होत नाहीं.

परवाना म्हणजे केवळ शुल्काची पावती नव्हे. परवाना निघाला म्हणजे नगराचा तपासनीस काम पाहावयास येतो, आणि या साऱ्या व्यवहारांत ज्याला छपराच्या विक्रींतून कांहीं मिळावयाचें नाहीं असा तोच एक माणूस असतो. त्यानें पाहावयाच्या गोष्टी साध्या, पण छपराचें आयुष्य ठरविणाऱ्या आहेत. प्रत्येक पट्टीला निदान चार खिळे हवेत. उतार अगदीं कमी असेल तर पट्ट्यांखालीं जलरोधक थर दुहेरी हवा. वळचणीशीं जेथें बर्फ साठून पाणी मागें चढतें अशा प्रदेशांत चिकटणारा जलरोधक थर वळचणीपासून बाहेरील भिंतीच्या आंत निदान चोवीस इंच गेलेला हवा. धुराड्याभोंवतालचे व भिंतींच्या सांध्यांवरचे पत्रे नीट दडपलेले हवेत. यांपैकीं बहुतेक गोष्टी काम पुरें झाल्यावर झांकल्या जातात. म्हणून कांहीं नगरांत काम अर्धें झालें असतां एकदां आणि संपल्यावर एकदां अशी दोन वेळां तपासणी होते.

जुन्या छपरावर नवें ठोकण्याचा मोह आवरण्याचें कामही हीच संहिता करते. छपरावर आधींच दोन थर असतील, किंवा जुना थर भिजून कुजला असेल, तर तो उतरविल्यावांचून नवें घालतां येत नाहीं. संहितेच्या पूर्वींच्या कांहीं आवृत्त्यांत तर, मध्यम वा तीव्र गारपिटीच्या प्रदेशांत डांबरी पट्ट्यांवर पट्ट्या मुळींच घालूं नयेत, असें कलम होतें. त्याचें कारण उघड आहे. पट्टी आघात सोसते ती खालच्या सपाट, घट्ट फळ्यांच्या आधारानें. खालीं जुन्या, वाकलेल्या पट्ट्यांचा पोकळ थर असेल तर गार आपटतांच नवी पट्टी त्या पोकळींत दबते व तडकते. चौथ्या वर्गाचा माल अशा रीतीनें बसविला तर शिक्का खरा, पण छप्पर खोटें, अशी गत होते. गारेचा माल आणि नगराचा परवाना हे दोन निरनिराळे विषय वाटतात, ते वस्तुतः येथें एकत्र येतात.

वादळानंतरच्या आठवड्यांत या परवान्याचें मोल विशेष कळतें. गारपिटीच्या दुसऱ्याच दिवशीं परगांवचे कंत्राटदार दारोदार फिरूं लागतात. त्यांत प्रामाणिक माणसें असतात, तशीं काम अर्धवट टाकून पुढच्या वादळामागें जाणारींही असतात. ‘तुमचा वांटा आम्ही माफ करतों, आज सही करा’ हें त्यांचें ठरलेलें आमिष. कोलोराडो राज्यानें २०१२ सालीं यासाठीं स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणें घराच्या छपराचा करार लेखी हवा. कंत्राटदारानें विमेदाराचा वांटा भरूं वा माफ करूं नये. आणि विमा कंपनीनें मागणी पूर्णतः किंवा अंशतः नाकारल्याची सूचना मिळाल्यापासून बहात्तर तासांच्या आंत घरधन्याला करार मोडतां येतो. टेक्सासनेंही २०१९ च्या कायद्यानें विमेदाराचा वांटा माफ करण्याची लालूच दाखविणें हा गुन्हा ठरविला. ज्याला आपला वांटा ‘माफ’ होतो असें वाटतें त्याला ती रक्कम बहुधा हलक्या मालानें किंवा कमी खिळ्यांनीं फेडावी लागते.

अशा वेळीं घरधन्यानें क्रम सोडूं नये. गळती थांबविण्यासाठीं ताडपत्री घालून घ्यावी, छपराचीं व जमिनीवर पडलेल्या गारांचीं छायाचित्रें तारखेसह ठेवावींत आणि विमा कंपनीस कळवावें. मग बांधकाम कचेरींत कंत्राटदाराची नोंद आहे कीं नाहीं हें पहावें. परवाना कंत्राटदारानें आपल्या नांवानें काढावयाचा असतो. ‘परवाना तुम्हींच काढा’ किंवा ‘परवान्याची गरज नाहीं’ असें जो म्हणतो त्याला तेथूनच निरोप द्यावा. कारण परवाना ज्याच्या नांवाचा, त्याच्याकडे नगर कामाची जबाबदारी मागतें. करारांत मालाचें नांव, त्याचा वर्ग, जुना थर उतरविण्याचें काम आणि खिळ्यांची संख्या लिहून घ्यावी. वेष्टनावरील शिक्क्याचें छायाचित्र काढावें. शेवटचा हप्ता अंतिम तपासणी झाल्याचा कागद हातीं आल्यावर द्यावा. तपासणी न झालेला परवाना नगराच्या दप्तरीं उघडा राहतो, आणि पुढें घर विकावयाच्या वेळीं तोच आडवा येतो.

तपासनिसानें पाहिलें म्हणून छप्पर अभेद्य झालें असें मात्र कोणीं समजूं नये. संहिता किमान मर्यादा सांगते. त्याहून अधिक चांगलें करणें हें घरधन्याच्या हातीं असतें. कितीही चांगला माल घातला तरी चेंडूएवढ्या गारेपुढें तो कधीं तरी हार खाईल. फरक एवढाच, कीं लिंबाएवढ्या गारांचीं जीं चार-दोन वादळें एरवीं छप्पर बदलावयास लावतात तीं नीट निवडलेल्या व नीट बसविलेल्या छपरावरून निघून जातील. छपराचा माल कोणत्या चाचणींतून उतरला आणि बसविण्याचें काम कोणीं तपासलें, हे दोन प्रश्न ज्या घरधन्यानें आकाश निरभ्र असतांना विचारून ठेवले, त्याला वादळाच्या दुसऱ्या दिवशीं दाराशीं उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाच्या कागदावर घाईनें सही करण्याची पाळी येत नाहीं.